पातं पडायला हवं

उत्तरा पालवचं अर्धं आयुष्य पाती थांबवण्यात गेलं होतं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, फरसाणाची पाकिटं भरणाऱ्या कारखान्याला चिकटून तिचा गाळा. तिथे प्रेस मशीनसाठी जाळ्या, कठडे आणि खटके बनत. कामगाराचा हात आत असताना वरचं पातं खाली येता कामा नये, एवढंच त्या सगळ्याचं काम. पॉलिटेक्निकात मेकॅनिकलच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पहिल्या नोकरीत तिच्याच वयाच्या एका बाईची बोटं प्रेसखाली गेलेली तिने पाहिली, आणि त्यानंतर तिने दुसऱ्या कुठल्या कामात मन घातलं नाही.

जाळी बसवून दिली की तिचं काम संपत नसे. मधूनच, न सांगता, ती त्या कारखान्यात जाऊन उभी राही. कारण तिला माणसं माहीत होती. जाळी उघडी असेल तर मशीन चालत नाही. मग खटक्याला सुतळी बांधायची. मशीनला वाटतं जाळी बंद आहे, आणि हात भराभर चालतो. उत्तराच्या पर्समध्ये रुमाल, मेट्रोचं कार्ड आणि एक छोटी कात्री कायम असे. सुतळी दिसली की कच्चकन कापायची आणि सगळ्यांसमोर विचारायचं, "जीव सुतळीवर टांगलायत काय रे?"

"मॅडम, माल निघायला पाहिजे ना."

"बोटं निघाली तर माल कोण काढेल? तुझा मामा?"

तिच्या माघारी तिला सगळे कात्रीबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं.

अशा बाईला तिच्या मुलीनेच एक दिवस सांगितलं की पडणारं पातं बनव.

श्रुतिका कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सुट्टी मिळेल तेव्हा घाटावरच्या एका पठारावर ग्लायडर उडवायला शिकत होती. हे खूळ कुठून आलं ते उत्तराला कळलं नव्हतं. नवरा, देवेश, जहाजावर इंजिनरूममध्ये. घरी येई तो पाहुण्यासारखा. त्याने फोनवरून परवानगी देऊन टाकली होती. समुद्रावरून परवानगी द्यायला काय जातं!

घाटकोपरला भटवाडीतल्या घरात रात्रीचं जेवण चाललं होतं. श्रुतिका म्हणाली, "आई, आमच्या क्लबला कटर हवाय. मी सांगून टाकलं, माझी आई बनवेल."

"कसला कटर?"

मग तिने समजावलं. ग्लायडरला इंजिन नसतं. तो मैदानाच्या एका टोकाला उभा असतो आणि किलोमीटरभर लांब दुसऱ्या टोकाला विंच. विंच म्हणजे ट्रकच्या इंजिनावर फिरणारा एक मोठा ड्रम. ड्रमने दोर गुंडाळायला सुरुवात केली की ग्लायडर धावतो आणि पतंगासारखा उभा वर चढतो. वर पोचलं की पायलटने पिवळी मूठ ओढायची. पोटाखालचा हुक उघडतो, दोर सुटतो, आणि मग आकाश तुमचं.

"आणि हुक नाही उघडला तर?"

"तर विंचवाला खाली दोर कापतो. त्यासाठीच कटर."

"आणि नाही कापला गेला तर?"

श्रुतिकाने पोळीचा तुकडा आमटीत बुडवला. "मग खुंट्याला बांधलेल्या बकरीसारखं. गोल गोल फिरत खाली. पण असं होत नाही गं कधी. हुक उघडतोच."

"होत नाही तर कटर कशाला मागताय?"

"जुना आहे की. पण तो पोलादी तारेचा होता, आणि आता आम्ही नवा सिंथेटिक दोर घेतलाय."

उत्तराचा हात ताटावर थांबला. "म्हणजे दोर नवा आणि कटर जुना. आणि तू त्याच्यावर उडतेयस."

"सर असतात ना मागच्या सीटवर."

"नव्या दोराचा तुकडा त्या कटरने कापून बघितलाय कुणी?"

श्रुतिकाने आमटी वाढून घेतली. पलीकडे भात कालवत बसलेले गुणाजी, उत्तराचे सासरे, सुनेकडे आणि नातीकडे आळीपाळीने बघत होते. काय चाललंय ते त्यांना नीट समजलं नव्हतं, पण दोर हा शब्द त्यांनी बरोबर उचलला होता.

"कसलो दोर गे? तुटता काय?"

"नाही हो आजोबा, काही तुटत नाही," श्रुतिका म्हणाली. मग आईकडे वळून हळू आवाजात, "तू ना, प्रत्येक गोष्टीत मेलेलं माणूस शोधतेस."

दुसऱ्या दिवशी उत्तराने क्लबच्या इन्स्ट्रक्टरला फोन केला आणि तिच्या त्या सुपरवायझरांसाठी राखलेल्या आवाजात बोलली. नवा कटर येईपर्यंत उड्डाणं बंद, असं ठरलं. त्याचा अर्थ तिच्या नंतर लक्षात आला. श्रुतिकाचं एकटीने उडणं, तिचा पहिला सोलो, आता आईच्या कटरसाठी अडला होता. तो कधी होईल हे मरोळच्या गाळ्यात ठरणार होतं.

दोराचा नमुना आला. पांढरा, करंगळीहून बारीक, हातात वजनच नाही. उत्तराने जुन्या कटरसारखं बोथट, जाड पातं करून त्यावर पाडून पाहिलं. पोलादी तार आघाताने तुटते. हा दोर पोह्यासारखा चपटा झाला आणि तसाच राहिला. परत पाडलं. अजून चपटा.

तिचा फिटर सहदेव कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, हा दोर नाही, जावई आहे. कितीही हाणा, हसतोच."

"हसू दे. धार लावून आण."

धारदार पातं केलं तर ते खालच्या लोखंडी ऐरणीवर आपटून दोन पाडींत दातरलं. मग तिने ऐरणीवर नायलॉनची लादी बसवली, पातं तिच्यात किंचित रुतेल अशी. पातं सरळ न ठेवता तिरकं लावलं, विळीवर भोपळा कापताना आपण हात ओढतो तसं. ताणलेला दोर एका फटक्यात तुटला. सहदेवने शिट्टी वाजवली.

"आता सैल ठेव," उत्तरा म्हणाली.

सैल दोर पात्याखालून सापासारखा बाजूला सरकला. अर्धाच कापला गेला. आणि हुक अडकलेला ग्लायडर विंचच्या डोक्यावर आला की दोर सैलच पडणार, हे तिने विचारून घेतलं होतं. नेमक्या गरजेच्या वेळी हा सटकणार. तिने दोराला हलायला जागाच राहू नये म्हणून दोन्ही बाजूंनी गाल बसवले. वरून, मागच्या खांबाला जोडलेला जड लोखंडी हात, त्याला ते पातं आणि जोरकस स्प्रिंग, तो वर अडकवून ठेवणारा खटका आणि खटक्याला जोडलेला लांब दांडा. दांडा ओढला की हात पडलाच पाहिजे. चिखल असो, गंज असो, ड्रायव्हर घाबरलेला असो.

काही दिवसांनी तिला बघावंही लागेना. दोर पूर्ण तुटला की आवाज यायचा ठाक्. एखादा धागा जरी राहिला तरी आवाज बसायचा, ठप. ती पाठ करून उभी राहायची आणि सांगायची, "राहिला." सहदेव बघायचा, तर खरंच राहिलेला.

कटर झाला. झाल्यावरही तो गाळ्यात पडून राहिला. कधी रंग सुकायचा होता, कधी बोल्ट बदलायचे होते. एकदा सहदेवने तोच सुकलेला रंग बोटाने दाबून तिला दाखवला. त्या संध्याकाळी तिने श्रुतिकाला फोन केला.

"नवरात्रात पाठवते."

"आई! म्हणजे दसऱ्याला सोलो! सर म्हणाले होतेच, सीमोल्लंघन करू."

"सीमा ओलांडायला रिक्षाने ठाण्याला जातात गं माणसं. ढगात नाही."

श्रुतिका हसत सुटली. उत्तराही हसली, पण फोन ठेवल्यावर तिने जाऊन कटरचा हात आणखी चारपाचदा पाडून पाहिला. ठाक्. ठाक्. आयुष्यात पहिल्यांदा ती पातं खाली यावं म्हणून देवाला विनवत होती.

गाळ्यात दरवर्षी खंडेनवमीला पूजा होई. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी लेथ, ड्रिल, ग्राइंडर धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा. एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला चालवायचं नाही, अशी रीत. यंदा गुणाजी मुद्दाम आले. नातीचं यंत्र बघायचं होतं. धुतलेलं धोतर, काळी टोपी, हातात गावच्या रवळनाथाचा अंगारा.

गुणाजींची उमर गिरणीत गेली होती. साचाखात्यात. चालत्या मागावर धागा तुटला की झडप घालून सांधायचा, हेच काम. धागा तुटला तर कापडात खोट, खोट आली तर जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या शिव्या. गिरणी बंद झाली, लालबागची खोली गेली, पण अजूनही उशीच्या अभ्र्याला दोरा लोंबताना दिसला की त्यांची बोटं आपोआप त्याला गाठ मारत. गाठही अशी की नखाने सुटायची नाही.

"दाखव रे, कसा चलता ता," ते सहदेवला म्हणाले.

सहदेवने दोराचा तुकडा घातला आणि दांडा ओढला. ठाक्. दोन तुकडे दोन बाजूंना उडाले. म्हातारा एक पाऊल मागे सरला.

"ह्यां कापता?"

"एका झटक्यात, आजोबा."

"चेडवाचो दोर? माझ्या नातीचो?"

"तोच की."

उत्तरा तेव्हा दाराशी फोनवर टेम्पोवाल्याला रस्ता सांगत होती. ती परत आली तेव्हा सहदेवने हात पुन्हा वर चढवून खटका लावला होता आणि गुणाजी तिच्या टेबलापाशी काहीतरी उसवत बसले होते. त्यांनी हळदीच्या वाटीत एक धागा भिजवला, कटरच्या पायाशी नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज तुझ्या लेकरान ह्यां हत्यार तुझ्या पायार ठेयलेला असा. माझ्या नातीक सुखरूप वर ने, सुखरूप खाली हाड. तिचो दोर तुटूक देव नको. वाकडा-तिकडा काय येत असात, तर ता भायरल्या भायर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सहदेव, शेजारच्या गाळ्यातली पोरं, सगळे एका सुरात म्हणाले. उत्तराही म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मग गुणाजींनी तो पिवळा धागा कटरला गुंडाळला. गाठ मारली, टोक दाताने तोडायला गेले आणि कवळी धरून हसले. "माझे दात गिरणीत गेले गे. तुझी ती कात्री दी."

तिने पर्समधून कात्री काढून दिली. ती धाग्यावरून घसरली. "राहू दे बाबा, लोंबू दे," उत्तरा म्हणाली, कारण टेम्पो आला होता. एरवी माल बाहेर जाताना ती स्वतः शेवटचा एकदा चालवून बघे. पण आता पूजा झाली होती. चौघांनी उचलून कटर टेम्पोत ठेवला. माळ हलत होती. लांबूनही सुतळी तिच्या नजरेतून कधी सुटली नव्हती. पण ही सुतळी नव्हती, ही पूजा होती.

दसऱ्याच्या सकाळी ती दाराला तोरण बांधत होती. श्रुतिका आदल्या दिवशीच पठारावर गेली होती. स्वयंपाकघरात श्रीखंडाचा चक्का फडक्यात टांगला होता. विंचवाला श्यामकांत, ट्रक मेकॅनिकचं काम सोडून क्लबात आलेला सज्जन माणूस, त्याने सकाळीच फोटो पाठवला होता: विंचवर बसवलेला कटर, माळेसकट, आणि खाली लिहिलं होतं, देवीची कृपा. उत्तराने त्यावर हात जोडले होते.

तोरणाचं टोक जास्त झालं होतं. तिने दोरा दातांत धरून तोडला. कट्.

आणि ती स्टुलावर तशीच उभी राहिली.

काल धागा तुटला नव्हता. दातांनी नाही आणि कात्रीनेही नाही. पूजेचा सुती नाडा असता तर चिमटीत तुटला असता. नाडा असता तर तो कुठेही बांधलेला असो, स्प्रिंगच्या फटक्यापुढे टिकला नसता. पण टेबलावर नाडा नव्हताच. टेबलावर होता तो नमुन्याचा दोर.

ती स्टुलावरून उतरली. तिने फोन उघडला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. झेंडूच्या मागे पिवळ्या वेढ्यांची एक पट्टी. वेढे फक्त पडणाऱ्या हाताला नव्हते. हात आणि त्यामागचा खांब, दोघांना मिळून होते.

तिने श्रुतिकाला फोन लावला. बंद. उडताना बंदच असतो. श्यामकांतला लावला. वाजत राहिला. विंच चालवताना फोन केबिनमध्ये ठेवायचा नाही, दूर जीपमध्ये ठेवायचा, हा नियम तिनेच भांडून लावायला लावला होता. इन्स्ट्रक्टरचा नंबर लागेना. परत श्यामकांत. रिंग वाजत होती आणि तिला ती रिकाम्या जीपमधली दिसत होती. बाहेर ऊन, गवत, आणि पलीकडे ड्रम फिरायला लागलेला.

"घे गे, सोना." गुणाजी आपट्याची पानं घेऊन समोर उभे होते, नवी टोपी घालून.

तिने पान घेतलं. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "बाबा, कालचा धागा कुठून घेतलात?"

"तुझ्या टेबलावरच्या दोराचो. एक पेड सोडवलंय." ते खुशीत होते. "आख्खा आयुष्य धाग्यात गेला माझा. असो धागो मी बघूक नाय. तो तुटूचो नाय."

"पण असा बांधलात कशाला? हात आणि खांब, दोन्हीला?"

"मगे?" त्यांना प्रश्नच कळेना. "ता पडला तर चेडवाचो दोर तुटतलो नाय? वर आभाळात पोर, आणि खाली मेल्यांनी सुरो टांगून ठेयलोहा. मी जिवंत आसताना तिचो दोर तुटूक दितलंय?"

उत्तरा भिंतीला टेकून खाली बसली. फोन वाजला तो तिच्या मांडीवर.

"मॅडम, पेढे घेऊन या!" श्यामकांत ओरडत होता. "पोरगी उतरली. लँडिंग काय, लोण्यात सुरी! सीमोल्लंघन झालं!"

तिने डोळे मिटले. मग उघडले. "श्यामकांत, विंच बंद करा."

"आता दुसरा लॉन्च लावतोय, मॅडम. सोलोचे तीन असतात ना."

"बंद करा. सकाळी दोराचा तुकडा कापून बघितलात?"

"दसऱ्याचा दिवस, पोरीचा पहिला सोलो, आणि मी सकाळी सकाळी दोर कापू? हात धजला नाही, मॅडम. पूजा झालीय त्याची. दुपारी करणारच होतो."

"आत्ता जा. दांडा ओढा. फोन चालू ठेवा."

पावलांखालचं गवत ऐकू आलं. कुणीतरी लांबून हाक मारली. मग खटक्याचा आवाज, बारीक, कोरडा.

त्याच्यानंतर जे यायला हवं होतं ते आलं नाही.

वारा फोनमध्ये घरघरत होता.

"मॅडम," श्यामकांत म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "खटका सुटलाय. हात वरच आहे."

उत्तराने फोन कानाला घट्ट दाबला.

"मॅडम, ती आत्ता यावरच..." त्याने वाक्य सोडून दिलं.

धागा कापायला त्याला हॅक्सॉ लागला. उत्तरा ऐकत होती. करवतीचं पातं घसरत होतं, श्यामकांत शिवी गिळत होता. समोर गुणाजी अंग चोरून उभे होते. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. आपल्या हातून झालं एवढं कळलं होतं. शेवटी फोनमध्ये आवाज आला. ठाक्.

"दोर घाला. परत."

ठाक्.

"आता सैल ठेवून."

ठाक्.

"आई!" श्रुतिकाने फोन हिसकावला होता. "काय चाललंय? वारा फिरला तर माझे दोन लॉन्च राहतील. आई, काय मस्त होतं माहितीये? वर एकदम शांत, कुणीच नाही, दोर सुटला की नुसता वाऱ्याचा..."

"हुक पटकन उघडला?"

"उघडणारच ना. ओढला की उघडला. तुला काय वाटलं?"

काय वाटलं ते उत्तराने सांगितलं नाही. फोन परत श्यामकांतकडे गेला. तो म्हणाला, "मॅडम, कटर तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तसं. सोडू का?"

नाही म्हणायला आज कुणी हरकत घेतली नसती. आज नको, पुढच्या वर्षी, कधीच नको. उत्तराच्या तोंडात तो शब्द तयार होता. पण कटर चालत होता. आवाज तिने स्वतः ऐकला होता, आणि चालणाऱ्या यंत्राला चालत नाही असं खोटं ती आजवर कधी बोलली नव्हती.

"सोडा."

"फोन जीपमध्ये ठेवतो. तुमचाच नियम."

लाइन बंद झाली. फडक्यातून चक्क्याचं पाणी भांड्यात थेंबाथेंबाने पडत होतं. गुणाजी तिच्या शेजारी जमिनीवर बसले, गुडघे दुखत असूनही. बऱ्याच वेळाने फोनवर श्यामकांतचा एकच शब्द आला: सुटली.

सुट्टी संपल्यावर तिने सासऱ्यांना मरोळला नेलं. स्टुलावर बसवलं, दोराचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं टोक पकडीत घट्ट आवळलं. "तुम्ही वर आहात. हुक उघडत नाही. आता ओढून बघा, सुटता येतंय का." त्यांनी ओढलं. दोर काही सुटला नाही. तिने कटरचा दांडा ओढला. ठाक्. गुणाजी झोक जाऊन मागे सहदेवच्या अंगावर पडले, आणि हातातल्या सुट्या टोकाकडे बघत राहिले.

"म्हंजे तुटल्यार पोर वाचता?"

"हो, बाबा."

"उरफाटाच तुमचा शास्त्र," ते म्हणाले.

उत्तराने कटरला पत्र्याचं आवरण केलं. आत बोट जाणार नाही, दोरा जाणार नाही, असं. पूजा करू नका अशी पाटी लावायचं तिच्या मनात आलं होतं, पण तिला माणसं माहीत होती. माणसं बांधणारच. जितका जीव जास्त तितकी गाठ घट्ट. म्हणून तिने आवरणाच्या बाहेर, पात्यापासून लांब, एक पितळी आकडा बसवला आणि त्याखाली रंगाने लिहिलं: हार इथे घाला.

तरीही तिची झोप पहिल्यासारखी राहिली नाही. सुतळी तिला कळत होती. हा धागा कळला नव्हता. अजून कुठल्या हाताने, कुठल्या मायेने, काय काय बांधून ठेवलं असेल ते तिच्या कुठल्याच ड्रॉइंगमध्ये येत नव्हतं.

आता दर रविवारी सकाळी श्यामकांत पहिल्या लॉन्चच्या आधी दोराचा तुकडा कापतो आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. तिने सोडा लिहिल्याशिवाय ड्रम फिरत नाही. गेल्या रविवारी आवाज आला तेव्हा ती पुऱ्या लाटत होती. पिठाच्या हाताने तिने तो ऐकला. मग कानाशी धरून परत ऐकला. नेहमीसारखाच होता, तरी शेवटी किंचित काहीतरी घासल्यासारखं वाटलं. तिने लिहिलं, पुन्हा पाडा. आवाज पुन्हा आला, या वेळी स्वच्छ.

गुणाजी आरामखुर्चीतून तिच्याकडे बघत होते. दर रविवारी बघतात.

"तुटलो मां?"

"तुटला, बाबा."

"बरा झाला."

तिने लिहिलं, सोडा. आणि फोन दोघांच्या मध्ये, पोळपाटाशेजारी ठेवला.